पिवळ्या दोऱ्यातली बाटली

बिलोलीच्या बसस्थानकासमोर, चपलांच्या दुकानाला खेटून सिंधुबाईंचं मेडिकल आहे. पाटीवर दुकानाचं नाव वेगळंच रंगवलेलं आहे, पण ते नाव घेऊन कुणी पत्ता विचारला तर समोरचा रिक्षावालासुद्धा मान हलवील. 'डाक्टरीणबाईचं मेडिकल' म्हणा, लगेच दारात आणून सोडील. आता सिंधुबाई काही डॉक्टर नाहीत. त्या फार्मासिस्ट आहेत, लातूरहून पदविका घेतलेल्या, आणि हे त्या गेली एकवीस वर्षं रोज निदान दहा जणांना सांगत आल्या आहेत. "मी डाक्टरीण न्हाई हो," त्या म्हणतात. समोरचा "हाव" म्हणतो आणि पुढचं वाक्य "तर डाक्टरीणबाई" असं सुरू करतो. अलीकडे त्या नुसतं पुटपुटतात, पण पुटपुटणं काही सोडलेलं नाही.

लग्नानंतरची पहिली आठ वर्षं त्यांचं प्रमाणपत्र लातुरातल्या एका दुकानाच्या भिंतीवर होतं आणि त्या स्वतः बिलोलीत भाकरी थापत होत्या. दुकानदाराला परवान्यापुरता कागद हवा होता, बाई नको होती. सासरच्यांनाही तेच सोयीचं होतं. शेवटी एक दिवस त्या एसटीनं लातूरला गेल्या, स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं ती चौकट खिळ्यावरून उतरवली आणि पदरात गुंडाळून घेऊन आल्या. नवरा अण्णाराव, शाळेत कारकून, तो बघतच राहिला. त्या दिवशी सिंधुबाईंना वाटलं होतं, आता आपलं शिक्षण कामाला येईल. कामाला आले ते मुख्यतः पाय. बारा-बारा तास उभं राहून पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या आहेत, संध्याकाळी टाचा टेकवत नाहीत, आणि पन्नाशीतच त्या घरचा जिना कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून चढतात.

बरं, येणारे काय घेऊन येतात? पोट. हात मोडला तर माणूस सरळ दवाखाना गाठतो. पोट बिघडलं की आधी मेडिकल. सकाळी अनशापोटी तीन कप चहा, दुपारी शेतात ठेचा-भाकरी, वर तंबाखूची चिमूट, आणि मग "छातीत आग होऊन राहिली, गॅसची गोळी द्या". ती गोळी लोक बडीशेपेसारखी खातात. सिंधुबाई विचारतात, किती दिवस झाले? उत्तर येतं, दोन वर्षं. वजन उतरलं का? घास अडकतो का? संडास काळी होते का? गिऱ्हाईक वैतागतं, "बाई, गोळी द्या ना, बस निघून राहिली." डोळे पिवळे झालेला माणूस गळ्यात काविळीची माळ घालून येतो, माळ लांबली की कावीळ उतरली म्हणतो, आणि रक्त तपासायला सांगितलं तर त्यांच्याकडे कीव आल्यागत बघतो. चार जणांना सांगायचं, त्यातला एखादा ऐकणार, आणि तो कोणता हे आपल्याला कधीच कळणार नाही, असा हा धंदा आहे. त्यांना त्याचा कंटाळा आला होता, आणि आला होता हे त्या कबूलही करत.

आठवडी बाजाराच्या दिवशी अकराच्या एसटीतून जवळच्या खेड्यातला मलप्पा उतरतो. वय सत्त्याहत्तर. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, त्यामुळे गावानं त्याला एकमतानं आपला औषधमंत्री नेमलेला आहे. खांद्याला कुणाच्या तरी लग्नातली कापडी पिशवी, तिच्यावरची वधूवरांची नावं धुऊन धुऊन अर्धी गेलेली, आणि आत अख्ख्या गावाची रिकामी पाकिटं. गोळ्या संपल्या की ज्यानं त्यानं रिकामं पाकीट मलप्पाकडे द्यायचं आणि मलप्पानं ते दाखवून भरलेलं आणायचं. चिठ्ठी कुणाकडे नसते. डॉक्टरनं कधीतरी लिहून दिलेला कागद एक तर पावसात भिजला, नाही तर पत्र्याच्या पेटीत तळाला गेला. मलप्पाला वाचता येत नाही, म्हणून त्यानं दोऱ्यांची युक्ती काढलेली आहे. सुमनबाईची पाकिटं लाल नाडीच्या तुकड्यात, अंगणवाडीच्या मंजुश्रीबाईंची पांढऱ्या दोऱ्यात, सिद्धरामची सुतळीत, लक्ष्मणरावांची पिवळ्या दोऱ्यात. दोरा सोडायचा, रिकामं बघायचं, तसंच भरलेलं काढायचं, त्याच दोऱ्यात बांधून परत द्यायचं. हे कायद्यात बसत नाही, सिंधुबाईंना ते पाठ आहे. पण नाही म्हटलं तर निम्मं गाव गोळ्यांवाचून राहील, हेही त्यांना पाठ आहे.

या पिशवीतला पिवळा दोरा त्यांच्या खास लक्षात असे. लक्ष्मणराव माळकरी माणूस. दारू तर सोडाच, दारू पिणाऱ्याच्या घरचं पाणीही त्यांनी कधी घेतलं नाही. वीस वर्षं साखरेचा आजार, त्याच्या जोडीनं लिव्हरवर चरबी साचत गेली, आणि कुणाला पत्ता न लागता ते आकसून निबर झालं. दीड वर्षापूर्वी पोटात पाणी झालं तेव्हा नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरांनी ते ओळखलं. आता गावात 'लिव्हर गेलं' याचा अर्थ एकच लावतात. त्यामुळे घरानं आजाराचं नावच घेतलं नाही. कुणी विचारलं तर "पोटाचं हाय" एवढंच. पहिल्यांदा औषध न्यायला लक्ष्मणराव बायकोला, यशोदाबाईंना घेऊन आले, तेव्हा दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत दोघं बाकावर अंग चोरून बसून राहिली होती.

सिंधुबाईंनी त्यांना सगळं नीट समजावलं होतं. ही लघवीची गोळी, पोटातलं पाणी उतरवायला. ही नाडी हळू ठेवायची, आतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून. आणि ही बाटली, पाकासारख्या गोड औषधाची. "काका, हे जुलाबाचं औषध वाटंल तुमाला. पन लिव्हर आता रक्तातली घाण काढत न्हाई, ती घाण डोक्यात चढते. ही बाटली ती खालून काढते. दिवसाला दोन-तीनदा संडास झालीच पायजे. न्हाई झाली तर तुमी घरच्याला वळखायचे न्हाईत."

"दोन-तीनदा?" यशोदाबाईंनी विचारलं होतं आणि नवऱ्याकडे बघितलं होतं. ते बघणं कशासाठी होतं, हे सिंधुबाईंनी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात दारात दोन माणसं येऊन उभी राहिली आणि यशोदाबाईंनी पिशवी उचलली.

तर गोष्ट संक्रांतीच्या आधीच्या बाजाराची. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मलप्पानं नेहमीप्रमाणे काउंटरवर पिशवी पालथी केली. सिंधुबाई गाठी सोडत गेल्या आणि फळ्यांवरून पाकिटं काढत गेल्या. पिवळ्या दोऱ्यात तीन रिकामी पाकिटं होती, त्यांनी तीन भरलेली बांधली. एकवीस वर्षांत हात इतके सरावले आहेत की रिकामं बघून ते भरलेलं काढतात, डोक्याला विचारायला थांबत नाहीत. संध्याकाळी शटर ओढताना मात्र काहीतरी खुपलं. लक्ष्मणरावांची रिकामी बाटली आलीच नव्हती. उद्या यशोदाकाकूंना फोन करू, त्या मनाशी म्हणाल्या. उद्या सण होता. परवा माल आला. तेरवा पाय इतके ठणकत होते की दुकान कसंबसं उघडलं, आणि मग त्यांनी ठरवून टाकलं, पुढल्या बाजारी मलप्पालाच विचारू. थकलेल्या माणसाला पुढला बाजार फार जवळ वाटतो.

पुढल्या बाजारी पिवळी गाठ सोडली. बाटली नव्हती. आणि या वेळी त्यांनी तिसरं पाकीट नीट बघितलं. ती गुडघेदुखीची गोळी होती. लिव्हर आकसलेल्या माणसानं हातही लावू नये अशी. आतल्या शिरा फोडील, मूत्रपिंडं बसवील. मागल्या खेपेचं तिसरं पाकीटही हेच होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं भरून, गाठ मारून दिलं होतं.

"मलप्पामामा, ही गोळी लक्ष्मणरावकाकांची न्हाई. ही सुमनबाईची."

"सुमनबाईनंच दिलतं पयलं पाकीट. लक्ष्मणरावाचे गुडघे लई धरलते. गुण आला म्हणला. मंग रिकामं झालं तवा त्याच्याच दोऱ्यात बांधलं म्या."

"अन् बाटली?"

"ती दिली न्हाई. दिली न्हाई तर मी कुठून आणू?" मलप्पा काउंटरवर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, कुणापशी बोलू नका. लक्ष्मणराव पिऊन राहिला म्हणतेत. झोकांड्या जातेत. दिवसा घोरतो, राती उठून बसतो. परवा मला म्हणला, तू कोण. साठ वर्सं संगं हाव आमी. ह्या वयात काय दुर्बुद्धी झाली बघा."

सिंधुबाईंनी तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि बसल्या. गिऱ्हाइकांची कुजबुज सुरू झाली. त्यांनी यशोदाबाईंना फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला.

"काकू, काकांना दोनी हात पुढं करून धरायला सांगा. रिक्षा थांबवताना धरतो तसे. पंजे वर."

पलीकडे काही वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग यशोदाबाईंचा बसका आवाज, "ऱ्हाईनात बाई हात. फडफड करून राहिलेत."

"संडास कशी होते?"

"तीन दिवसाला एकदा. काळी. डांबरावाणी."

"काकू, काळी म्हंजी आत रक्त सुटलंय. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. जीप बोलवा."

"न्हाई न्यायचं." यशोदाबाईंचा आवाज एकदम कडक झाला. "जीप दारात लागली की सारी गल्ली गोळा हुईल. माळकरी दारू पिऊन पडला म्हणून थुंकतेल तोंडावर. इथंच काय व्हायचं ते हू द्या." आणि फोन बंद झाला.

सिंधुबाईंनी शटरचा आकडा उचलला. भर बाजाराच्या दिवशी मेडिकल बंद होतंय म्हटल्यावर लोक खवळले. कुणी म्हणालं, बाई, माझं बीपीचं तरी द्या. कुणी म्हणालं, बाजाराच्या दिवशी कुणी दुकान बंद करतं का? "मी करते," त्या म्हणाल्या आणि समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली. मलप्पा पिशवी छातीशी धरून शेजारी चढला. तेरा किलोमीटरचा रस्ता, त्यातला निम्मा खड्ड्यांचा. सिंधुबाईंच्या मनात सारखं एकच येत होतं, आठ दिवस. त्याच दिवशी फोन केला असता तर आठ दिवस हातात होते.

यशोदाबाईंनी दार अर्धंच उघडलं. आत बाजेवर लक्ष्मणराव पडले होते. डोळे उघडे, पण बघणारं कुणी आत नसावं तसे. सिंधुबाई जवळ वाकल्या तेव्हा तोंडाचा वास आला, गोडसर आणि कुबट.

"आला ना वास?" यशोदाबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. "पंधरा दिवस झाले, येऊन राहिला. म्या कुणाला बोलले न्हाई. चाळीस वर्सं ह्या माणसाच्या गळ्यातल्या माळेकडं बघून दिवस काढले मी. आता कळलं लिव्हर कशानं गेलं ते. मलाच फसवलं त्यानं." आणि त्यांनी तोंडात पदर कोंबला. रडण्याचा आवाज शेजारी जाऊ नये, इतकी काळजी त्या दुःखातही होती.

"काकू, हा वास दारूचा न्हाई. लिव्हर दमलं की तोंडाला असाच वास येतो. झोकांड्या त्यानंच. न वळखणं त्यानंच. बाटली का बंद केली हो?"

यशोदाबाईंनी पदर काढला. दार सोडून त्या बाजेजवळ आल्या. मग म्हणाल्या, "त्यांनीच बंद केली. गुडघे वाकंनात. संडासात उकिडवं बसायचं, दिसातून तीनदा, उठताना नळाला धरून रडायचे. म्हणले, बाटलीच नको, म्हंजी बसायलाच नको. मंग सुमननं गुडघ्याची गोळी दिली."

रिक्षा बघून गल्ली गोळा झालीच होती. त्यात सुमनबाईही होती. पुढची दहा-बारा पावलं चालणं सिंधुबाईंना आयुष्यभराच्या उभं राहण्यापेक्षा जड गेलं. त्या अंगणात आल्या, दार सताड उघडं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "लक्ष्मणरावकाकांनी दारू पिली न्हाई. त्यांच्या पोटात रक्त सुटलंय, गुडघ्याच्या गोळीनं. सुमनबाईनं मायेनं दिली, तिला काय ठावं. मला ठावं हुतं. तरी मागल्या बाजारी म्या दिली, माझ्या हातानं, न बघता. चूक माझी हाय. आता कुणीतरी जीप आणा."

मग सिद्धराम चप्पल न घालताच जीपवाल्याकडे पळाला.

नांदेडला पोचेपर्यंत सिंधुबाईंनी एका खोक्याच्या पाठीवर लक्ष्मणराव काय काय घेत होते, किती, कधीपासून, आणि कोणती गोळी कुठून आली, सगळं लिहून काढलं. स्वतःची चूकही लिहिली. डॉक्टरांनी तो पुठ्ठा वाचला, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पेशंटला आत घेतलं. दुर्बीण घालून फुटलेली शीर बांधली, रक्त चढवलं, साचलेली घाण खालून धुऊन काढली. तिसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांनी डोळे उघडले आणि उशाशी बसलेल्या बाईला विचारलं, "यशोदे, जेवलीस का?" हे यशोदाबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा सिंधुबाई काउंटरमागे खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. गिऱ्हाइकाला वाटलं, बाई खालच्या कप्प्यात गोळी शोधताहेत.

लक्ष्मणराव घरी आले त्या आठवड्यात सिंधुबाई पुन्हा त्या गावी गेल्या. सोबत नांदेडहून मागवलेली, मधे भोक असलेली संडासाची खुर्ची होती. डॉक्टरांना विचारून गुडघ्यांसाठी साधी, बेतानं घ्यायची गोळीही होती. खुर्ची बघून लक्ष्मणराव लाजले. यशोदाबाई मात्र तिच्यावरून हात फिरवत बसल्या. दीड वर्षात इतक्या डॉक्टरांनी तपासलं, आपण स्वतः तीसेक वेळा भरलेली बाटली दिली, पण या माणसाला उकिडवं बसता येतं का, एवढं कुणी विचारलं नाही, हे सिंधुबाईंच्या मनातून जाईना. त्या पहिल्या दिवशी काकूंनी नवऱ्याकडे का बघितलं, ते त्यांना आता कळलं होतं.

तेव्हापासून मलप्पाची पिशवी रिकामी करायला दुप्पट वेळ लागतो. सिंधुबाई प्रत्येक पाकिटावर मार्करनं नाव लिहितात, प्रत्येक गाठीला विचारतात, हा माणूस कसा हाय, जेवतो का, झोपतो का, काय आलं न्हाई ह्या बारीला? मलप्पा कुरकुरतो, "बाई, मी औषधं आणायला येतो, जनगणना कराया न्हाई." पण आता तो गल्लीत फिरून आधीच विचारून येतो. रांग लांबते, लोक चिडतात, सिंधुबाईंचे पाय पूर्वीपेक्षा जास्त दुखतात. लिव्हर काही परत आलं नाही. ते येणार नव्हतंच. पण दर पंधरवड्याला पिवळ्या दोऱ्यात रिकामी बाटली येत राहिली. फेब्रुवारी, मार्च, भर उन्हाळा, मृग. इतर कुठल्याही गाठीआधी त्यांचा हात त्या गाठीकडे जाई.

पोळ्याच्या आदल्या बाजारी मलप्पानं पिशवी पालथी केली नाही. एकेक गाठ हातानं काढून ठेवली आणि पिवळी सगळ्यांत शेवटी. सिंधुबाईंनी दोरा सोडला. बाटली होती. उचलली तेव्हा जड लागली. निम्मी भरलेली होती.

त्यांनी मलप्पाकडे बघितलं.

"मंगळवारी गेला," मलप्पा म्हणाला. "सकाळच्या पारी, देवपूजा झाल्यावर. पोटात पुन्हा पाणी झालतं. पन शुद्धीत हुता. समद्यांची नावं घेऊन निरोप घेतला त्यानं. माझंबी घेतलं." त्यानं बाटलीकडे बोट केलं. "यशोदाबाई म्हणली, उरलेली कुणा गरजवंताला द्या. अन् म्हणली, डाक्टरीणबाईला सांग, एकबी टाइम चुकला न्हाई."

उघडलेली बाटली दुसऱ्या कुणाला देता येत नाही. सिंधुबाईंनी हे मलप्पाला सांगितलं नाही. बाटली त्यांनी मागच्या फळीवर, प्रमाणपत्राच्या चौकटीखाली ठेवली. सवयीनं ओठ हलले, "मी डाक्टरीण..." आणि पुढचे शब्द काही केल्या येईनात.

"डाक्टरीणबाई, गॅसची गोळी द्या, बस निघून राहिली," रांगेतला माणूस म्हणाला.

सिंधुबाईंनी डोळे पुसले, काउंटरला दोन्ही हात टेकवले आणि विचारलं, "किती दिवस झाले?"